देवीचे मासे पाहुणे जातात

गावाचं नाव मी लिहिणार नाही. सुनंदाने तशी शपथच घातली आहे. "तू लिहिशील, लोक वाचतील आणि पुढच्या रविवारी गाड्या भरून लाह्या घेऊन येतील," असं ती म्हणाली. तिचं खरं आहे, कारण पहिल्या सकाळी लाह्या फेकणाऱ्यांत मीच होते. तेव्हा एवढंच सांगते, की बांद्याच्या बाजारपेठेतून आत वळलं आणि काजूच्या बागांमधून अर्धा तास गेलं की हे गाव लागतं. ज्याला शोधायचंच आहे तो शोधेल. त्याने निदान हे शेवटपर्यंत वाचावं आणि मग जावं.

मी मराठवाड्यातल्या भूमची. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी 'पाणी जपून वापरा' हे सांगण्यात गेली. आमच्याकडे तलाव आटला की कुणी मान वर करून बघत नाही. टँकर कधी येणार एवढंच विचारतात. सुनंदा माझी बार्शीच्या वसतिगृहातली मैत्रीण, लग्न होऊन कोकणात गेली. गेली वीस वर्षं ती मला फोनवर हिणवत आली आहे, "ये गं एकदा, पाणी म्हणजे काय असतं ते बघ तरी." निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, चला, एकदा बघूनच येऊ.

बांदा

मे महिन्यात कोकणात जाऊ नये हे मला एसटीतून उतरल्यावर कळलं. आमचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. बाजारपेठेत बायका रतांब्यांचे ढीग घेऊन बसल्या होत्या आणि भाव सांगतानासुद्धा पदराने वारा घेत होत्या. सुनंदा रिक्षा घेऊन आली होती. एकेकाळी भाकरीशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नसे. आता ती सकाळी उकड्या तांदळाची पेज पिते आणि रिक्षावाल्याशी 'खंय गेल्लंस रे?' करून बोलते. मला पाहून मात्र एकदम बार्शीची झाली. "मंगले, किती वाळलीस गं!"

वाटेत मी बाहेर बघत होते. हिरवं होतं, नाही असं नाही, पण धुळीने माखलेलं. दोन पुलांखाली नुसते गोटे दिसले. मी काही बोलले नाही. वीस वर्षं हिणवलेल्या माणसाला एवढं मोठेपण जमतं.

"परतीचा पाऊस आलाच नाही यंदा," सुनंदा आपणहून म्हणाली. "आणि होळीपासून हे असं तापतंय. विहिरी अशा कधी बघितल्या नव्हत्या."

रात्रीच्या जेवणात बांगड्याचं तिखलं होतं. त्यातलं तिरफळ चावायचं नसतं, चोखून बाजूला ठेवायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मी चावलं. जीभ बधिर झाली आणि मी तोंड उघडून आत हवा ओढत बसले. सुनंदाचे यजमान वसंतराव फार अगत्याचे. त्यांना वाटलं मला आणखी हवंय, आणि त्यांनी दोन डाव रस्सा वाढला.

तळं

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी सुनंदाने मला उठवलं. "तळ्यावर जाऊ. नंतर पाय ठेववणार नाही बाहेर."

सातेरी देवीचं देऊळ कौलारू आहे आणि त्याच्यासमोर तळं, चारही बाजूंनी जांभ्या दगडाच्या पायऱ्या. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं आणि सांडव्यावरून पाणी खालच्या भातशेतीला जातं. मेमध्येसुद्धा पाच-सहा पायऱ्याच उघड्या पडतात, असं सुनंदा सांगत होती. मी मोजल्या, एकोणीस होत्या. शेवटच्या काही पायऱ्या गावात कुणीच पूर्वी पाहिलेल्या नव्हत्या. त्यातल्या एकीवर कुणीतरी सारीपाटाचा पट कोरून ठेवला होता, अगदी रेखीव. मी त्या पटाशी उकिडवी बसले आणि अंगावर काटा आला. म्हणजे मागे कधीतरी तळं एवढंच खाली गेलं होतं, आणि कुणीतरी इथे बसून पावसाची वाट बघत फासे टाकले होते. वसंतरावांना मी हे नंतर सांगितलं तर ते म्हणाले, "किंवा बांधणाऱ्या गवंड्यांनी जेवणाच्या सुटीत कोरला असेल." पण मी माझंच खरं धरून आहे.

मग मी पाण्याकडे पाहिलं. मधोमध उरलेलं पाणी गर्द हिरवं होतं, शेवयांच्या खिरीत कुणी रंग ओतावा तसं दाट. आणि त्या सगळ्या पाण्यावर तोंडंच तोंडं होती. शेकडो. हाताएवढे, वीतभर, बोटाएवढे, सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. आवाज येत होता! जेवणावळीत सगळी पंगत एकदम ताक भुरकते ना, तसा. माणसाचा आवाज नव्हता, पक्ष्याचा नव्हता, फक्त हा एवढाच. इतकं जिवंत पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. हात जोडावेत की काय करावं कळेना.

पायरीवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, उघडे, खांद्यावर पंचा, हातात वाडगा. ते बाबी गुरव. देवीची पूजा त्यांच्या घराकडे आहे आणि तळ्यातल्या माशांना नैवेद्याचा भात घालायचं कामही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच. हे मासे देवीचे. कुणी धरत नाही, खात नाही, हातसुद्धा लावत नाही. बाबीकाकांनी तीन टाळ्या वाजवल्या आणि भात टाकला.

"भुकेजलेत गो बाय," ते मला म्हणाले. "उन्हान भूक वाढता तेंची. आदी सूर्य वर येयसर कोण येय नाय. आता बघ, मी येवच्या आदी येवन तोंड वासून वाट बघतत. एक वाडगो घाली, आता तीन घालतंय."

त्यांनी माझ्याही ओंजळीत लाह्या दिल्या. मी फेकल्या. काही माशांनी घेतल्या, पुष्कळांची तोंडं नुसतीच उघडत-मिटत राहिली आणि लाह्या त्यांच्या नाकावरून तरंगत पुढे गेल्या. मला ते दिसलं होतं. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला ते दिसलं, आणि त्याचा अर्थ काही लागला नाही. उलट मी आणखी दोन मुठी फेकल्या.

"थोरली दिसना नाय तीन दिस," बाबीकाका पाण्यात डोळे लावून म्हणाले. थोरली म्हणजे तळ्यातली सगळ्यात मोठी मासळी, शेपटीला खाच असलेली. चाळीस वर्षांपूर्वी वडलांच्या हातून वाडगा घेतला तेव्हापासून ते तिला ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. मासा इतका जगतो का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांचा चेहरा पाहून गिळलं.

दुपारी घरातले सगळे आडवे झाल्यावर मी डोक्यावर ओला टॉवेल टाकून पुन्हा गेले. वेडेपणाच होता, पण राहवेना. ऊन पांढरं झालं होतं. पाण्यावर एकही तोंड नव्हतं, सगळे खाली गेले होते. मी काठाकाठाने चिखलाच्या कडेला गेले आणि तिथे जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चिखलावर रेघा होत्या. शेकडो बारीक, वळणावळणाच्या रेघा, सगळ्या पाण्याच्या दिशेने. एका रेघेच्या टोकाशी बोटाने उकरलं तर एक शिंपला निघाला, जिवंत. पाणी मागे सरत गेलं तशा या शिंपल्या त्याच्यामागे सरकत निघाल्या होत्या. दिवसाला वीतभर चालत असतील नसतील. काही रेघा मध्येच संपल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला उघडे, रिकामे शिंपले पडले होते. कमळाची पानं चिखलावर पापडासारखी वाळली होती. पलीकडे बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे एवढे जमले होते की काठ दिसत नव्हता. त्यांची चैन होती.

आमच्याकडचं तळं मरतं तेव्हा पाणी संपलेलं असतं. भेगा पडतात, आणि आपण म्हणतो संपलं. इथे पुरुषभर पाणी होतं आणि तरी काहीतरी चुकत होतं. ते काय, हे मला सांगता येईना, आणि डोकं ठणकायला लागल्यावर मी परत आले.

दारातली पाटी

तिसऱ्या दिवशी पहाटे पायरीशी नऊ मासे मरून पडलेले होते. बाबीकाका त्यांना काठीने केळीच्या पानावर ओढून घेत होते, हात न लावता. बकुळीखाली खड्डा खणून त्यांनी ते पुरले आणि वर पाणी शिंपडलं. त्या दिवशी त्यांनी चार वाडगे भात घातला.

दहाच्या सुमाराला दारात ताराबाय आली. ती खाडीकाठच्या आरोंद्याची, रोज बसने येते आणि डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासे विकते. सुनंदा बांगडे निवडत होती. मला गप्प बसता येत नाही हे वर्गातल्या मुलांनी वेळोवेळी सांगितलेलं आहेच, तर मी आपली कौतुकाने म्हणाले, "ताराबाई, तुमच्याकडचे मासे पाहिले, पण त्या तळ्यावरच्या माशांसारखे भुकेले मासे नाही पाहिले हो! नुसते तोंडं उघडून उभे असतात."

तिचा हात थांबला. "कधी गो?"

"पहाटे."

"आणि दुपारची?"

"दुपारी एकही नाही. सगळे खाली."

"भात खातत?"

मी आठवलं. "काही खातात. बरेचसे नाही."

ताराबाय बांगडा खाली ठेवून उठली. "बाईनू, ती भूक न्हय. तेंका वारो गावना. आमच्या खाडयेच्या बांधाची दारां बंद पडली आणि आतला पाणी तापून हिरवा झाला काय अशेच वर येतत. दिसाचा ता हिरवा बरा असता, रातची मात्र पाण्यातलो सगळो जीव ताच ओढून घेता. फाटफटी माशांक काय उरणा नाय, म्हणान वर येवन तोंड वासतत. आणि तेच्यात तुम्ही भात घालतास? भात कुसता, पाणी आणखी मरता!"

मी ओट्यावर बसलेच. हिरवं शेवाळ, रात्र, प्राणवायू, हे सगळं मी सातवीच्या मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवलेलं आहे. परीक्षेत पाच गुणांना विचारलेलं आहे. आणि डोळ्यांसमोर घडत असताना मी लाह्या फेकत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"पण तू रोज येतेस," सुनंदा म्हणाली. "तुला कधी दिसलं नाही?"

"माका कशा दिसतला वैनी? पाटी घेवन तळ्याच्या वाटेन मी जाणंय काय?"

तेव्हा मला ती रीत कळली. माशांची पाटी तळ्यावरून न्यायची नाही. देवीच्या माशांना त्यांच्या सोयऱ्यांची मढी दाखवायची नाहीत. म्हणून ताराबाय आणि तिच्याआधी तिची सासू गावाला वळसा घालून मागच्या पाणंदीनेच येत आल्या. किती मायेची रीत! आणि त्याच मायेपायी, ज्या एका बाईला त्या हिरव्या पाण्याकडे बघताच सगळं कळलं असतं, तिने तीस वर्षांत तळं पाहिलंच नव्हतं.

पाटी ओट्यावर ठेवून, हातपाय धुऊन, सुनंदाचं धुतलेलं लुगडं नेसून ताराबाय आमच्याबरोबर आली. तिने पाण्यात हात घातला, वास घेतला आणि मान हलवली. "चार दिस. पाचव्या दिसा सगळे उताणे."

बाबीकाका देवळाच्या पायरीवर बसले होते. तिने त्यांना सांगितलं, जसं आम्हाला सांगितलं तसंच, आडपडदा न ठेवता. ते ऐकत राहिले. मग त्यांनी हातातला वाडगा हळूच उपडा ठेवला.

"चाळीस वर्सां तेंका घास घातलंय," ते म्हणाले. "आणि आता घास घालून मारलंय?"

ताराबाय त्यांच्याशेजारी बसली, जरा अंतर ठेवून. "तुमका कोण सांगतला होता काका? माका इचारूक व्हया होता. मी ह्या वाटेन येवक नाय."

कौल

उपाय ताराबायपाशी होता. खालच्या वाडीत नदीला एक खोल कोंड, म्हणजे डोह आहे, वर जांभळी-करंजाची दाट सावली, उन्हाळ्यातही गार. तिच्या दिरांची जाळी आहेत. मासे तिकडे हलवायचे. पण मासे देवीचे, तेव्हा विचारायचं देवीला.

संध्याकाळी गाव देवळात जमला. कौल म्हणजे काय हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वसंतराव गावचे मानकरी, तेही शाळेतल्या मुलासारखे हात जोडून उभे होते. बाबीकाकांनी गाऱ्हाणं घातलं. एरवी पुटपुटणारा तो माणूस, पण आवाज असा उठला की कौलं थरारली.

"बा माये सातेरी! तळ्यातली तुझी लेकरां आज गुदमरतत. तेंका धरून भायर काढूक तुझो हुकूम आसा काय? आसा तर उजवो दी!"

"व्हय म्हाराजाऽ!" सगळा गाव एका सुरात म्हणाला.

पन्नास माणसं एका पाकळीकडे बघत होती आणि मीही बघत होते. एरवी मी असल्या गोष्टींवर वाद घालते; त्या क्षणी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, पाड गं उजवी. डावी पडली.

कुणी तक्रार केली नाही. माणसं चपला घालून आपापल्या घरी गेली. मी सुनंदावर भडकले. "म्हणजे आता बघत बसायचं? पाकळी वाळून पडली म्हणून?" ती माझ्यावर उलटली. "मग तुझ्याकडे कोणाला विचारतात? कुणालाच नाही. म्हणून भूममध्ये एका तळ्यात तरी मासा उरलाय का सांग." आम्ही दोघी न जेवता झोपलो.

चौथ्या दिवशी पहाटे मी मोजायचं सोडून दिलं. सबंध कडेने पांढरी पोटं दिसत होती. बाबीकाका गुडघाभर चिखलात उभे होते आणि या खेपेला हाताने मासे उचलत होते. ताराबायही पाटी न घेता पहिल्याच बसने आली होती. ती काठावरून म्हणाली, "काका, तुम्ही काय इचारलास देवयेक? धरून भायर काढू? धरतंव आम्ही, विकूक. खंयची आवस आपली लेकरां धरूक दितली?"

बाबीकाका ओंजळीत मासा घेऊन तसेच उभे राहिले. मग चिखलातून वर आले आणि सरळ देवळात गेले. गाव गोळा होईपर्यंतही थांबले नाहीत; वसंतराव आणि आम्ही दहा-बारा जणच होतो.

"बा माये! तुझी लेकरां आम्ही धरणव नाय. पाहुणचाराक न्हेतंव. खालच्या वाडीत तुझी धाकटी भयण आसा, तिच्या कोंडीत थंडाई आसा. पावसाळो लागलो आणि तळा भरला काय आमचे आम्ही तेंका घरी हाडतलंव. मावशेकडे चार दिस ऱ्हवूक धाडशीत तर उजवो दी, माये!"

आमचा 'व्हय म्हाराजा' विरायच्या आत उजवी पाकळी खाली आली. बाबीकाका पाषाणाला कपाळ टेकून हुंदके देऊन रडले. मी त्यावर काही टिप्पणी करणार नाही. मीही रडत होते.

मासे निघाले

पाचव्या दिवशी ताराबायचे चार दीर जाळं घेऊन आले. पण तिने ते पाण्यात टाकू दिलं नाही. गाठींनी खवलं सोलतात म्हणून आतून मऊ कापड हवं होतं. तासाभरात घराघरांतून सुती साड्या आल्या. बायकांनी पायऱ्यांवर बसून त्या जाळ्याला टाचल्या. सुनंदाने आईने दिलेलं इरकली लुगडं आणलं, माझीही एक साडी गेली. तिला अजून शेवाळाचा वास येतो, पण मी ती धुणार नाही.

"सूर्य वायच वर येवंदे," ताराबाय सगळ्यांना थोपवून धरत होती. "आता तेंच्यात जीव नाय. पाण्याक उजेड गावलो काय मगे." सात वाजून गेल्यावर तोंडं एकेक करून खाली जायला लागली, तसा तिने हात वर केला. दोन्ही कडांनी माणसं उतरली आणि ते रंगीबेरंगी जाळं हिरव्या पाण्यातून पुढे सरकू लागलं. कुणी ओरडत नव्हतं. समुद्रावर दोर ओढताना ही माणसं केवढा गलका करतात म्हणे. इथे नुसते श्वास ऐकू येत होते. घेर लहान झाला आणि पाणी उकळल्यासारखं झालं. पाठी, कल्ले, चांदीसारखी पोटं! मरळ तर जाळ्यावरून उडी मारून परत चिखलात गेले. त्यांची काळजी नको, ते वरची हवा घेऊन जगतात. आमच्याकडे आटल्या तळ्यात सगळ्यात शेवटी तेच उरतात. हे ज्ञान मी मोठ्याने सांगितलं. त्या आठवड्यात माझा झालेला एवढा एकच उपयोग.

साडीच्या झोळीतून मासे टेम्पोवरच्या पिंपांत जात होते. आणि एकदम ताराबायचा थोरला दीर म्हणाला, "काका, ही कोण बघा."

झोळीच्या तळाशी ती होती, माझ्या हाताएवढी लांब, पाठ काळसर सोनेरी, शेपटीला खाच. बाबीकाका जवळ आले. "हात लावू काय?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. मेलेले मासे त्यांनी आदल्या दिवशी उचलले होते. जिवंत माशाला चाळीस वर्षांत बोट लावलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले आणि तान्ह्या मुलाला न्हाणीघरातून आणतात तसं तिला उराशी धरून पिंपापर्यंत नेलं. ती शांत होती. शांत की थकलेली, ते मला सांगता येणार नाही.

खालच्या वाडीची माणसं वेशीवर कळशा घेऊन उभी होती. पाहुण्यांचे पाय धुवायचे म्हणून त्यांनी कोंडीचं पाणी आणलं होतं. ताराबायने त्यांना थोपवलं. "वायच वायच घाला. एकदम थंड पाणी लागला तर मरतले." मग त्या बायकांनी एकेक ओंजळ पाणी पिंपांत सोडलं, अर्धा तास, न कंटाळता, तोंडाने 'येवा, बसा, दमलास' असं म्हणत. मी दिपून बघत राहिले. शास्त्राचं पुस्तक जे सांगतं तेच चाललं होतं, आणि तरी तो निव्वळ पाहुणचार होता.

सगळे वाचले नाहीत. कितीतरी वाटेत गेले, कितीतरी तळ्यातच राहिले. शिंपल्यांसाठी मी आणि सुनंदाने दोन घमेली भरली आणि कोंडीच्या काठाला नेऊन सोडली. लोक हसले, पण हसत हसत दोघी-तिघी आमच्याबरोबर वाकल्या.

कोंड

सातव्या दिवशी माझी परतीची गाडी होती. पहाटे बाबीकाका बोलवायला आले. "येतंस काय गो बाय? माका एकट्याक जावक भय वाटता."

आम्ही सुनंदाला न उठवता निघालो. कोंडीवर अजून अंधार रेंगाळत होता. पाणी काळं आणि गुळगुळीत. पैल झाडावरून धनेशाची जोडी पंख वाजवत गेली, एवढाच काय तो आवाज. बाबीकाका खडकावर बसले. पंच्याच्या टोकाला सवयीने बांधून आणलेला नैवेद्याचा भात होता. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. आधी मला वाटलं थंडी वाजतेय. मग लक्षात आलं, चाळीस वर्षांची टाळी चुकून वाजू नये म्हणून.

फटफटलं. हीच ती वेळ. मी पाण्यावरून डोळे हलवले नाहीत. एक जरी तोंड वर आलं असतं तर माझं काळीज थांबलं असतं, मग त्यांचं काय झालं असतं! पानं दिसू लागली, खडक दिसू लागले, पाण्याचा तळाकडचा रंग दिसू लागला. पाणी हललं नाही. उजेड पुरता पडला, पहिलं ऊन पैल काठाला लागलं, तरी कुणीच वर आलं नाही. मग खूप खाली, स्वच्छ पाण्यात, एक लांब सावली सावकाश वळली आणि खडकाआड गेली. शेपटी मला नीट दिसली नाही. बाबीकाकांना दिसली.

"निजली हत गो," ते कुजबुजले. "पोटभर वारो गावलो, निजली हत."

त्यांनी मांड्यांखालचे हात काढले, पंच्याची गाठ सोडली आणि भाताकडे बघत राहिले. तो वाटा माशांचा. त्यांच्या घरात तो आजवर कुणी तोंडात घातला नव्हता. अर्धा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, अर्धा आपण घेतला, आणि पाण्याकडे पाठ न करता आम्ही दोघांनी तो तिथेच बसून खाल्ला.